कौसे, तुझा आवाज मागायला आले होते

कौसे, तुझ्या मातीला दोन्हीकडचे लोक आले होते. रहाट चिन्हवाले आणि शिडी चिन्हवाले एकाच टेम्पोतून उतरले आणि उतरताना एकमेकांना हात दिला. विधानसभेच्या प्रचारात हेच लोक एकमेकांचे फलक फाडत होते. आता फर्दापूरला तुझ्या वस्तीवर एका सतरंजीवर बसून एकमेकांकडे पाण्याचा तांब्या सरकवत होते. मी त्यांच्याकडे बघत उभी होते, आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला तुझा हेवा वाटला. मी मेले तर माझ्याच पक्षातले निम्मे लोक येणार नाहीत, आणि जे येतील ते माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या ओळखीचे असतील.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहायचं नसतं. चांगलं चांगलं लिहायचं असतं, ते बाकीच्यांनी लिहिलंच आहे. एका पेपरात तू ‘रणरागिणी’ झाली आहेस. तू हसली असतीस आणि म्हणाली असतीस, “हे रिक्षातून म्हणून दाखव म्हणावं त्याला.”

तुझं नाव पुष्कळांना माहीत नव्हतं, आवाज सगळ्यांना माहीत होता. निवडणूक लागली की रिक्षाच्या टपावरच्या भोंग्यातून जो बाईचा आवाज यायचा, तो तुझा. त्या आवाजातले शब्द माझे. हे दुसरं वाक्य मी आजवर फार ठिकाणी सांगितलं आहे, आणि कुणालाही त्यात रस नव्हता.

आपण पहिल्यांदा भेटलो ते पक्षाच्या कार्यालयात. तेव्हा पक्ष एकच होता आणि चिन्ह रहाट होतं. मी पत्रकांच्या घरात वाढलेली. अण्णा वाळूजच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे आणि आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मला ‘जाहीर निषेध’ वाचता आलं ते ‘बदक’ वाचता येण्याच्या आधी. त्यामुळे प्रचाराचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे येणार हे मला उघडच वाटत होतं. तुला कुणीतरी फर्दापूरहून आणलं होतं. तिथं तू लेण्यांच्या पायथ्याला रंगीत दगडांच्या दुकानावर गिऱ्हाईक बोलवायचीस आणि त्याच्या आधी बापाबरोबर डोंगरात मेंढरं राखायचीस. मी दिलेला कागद तू एकदा मनात वाचलास, एकदा ओठांत, आणि परत दिलास.

“ए बाय, तुझं वाक्य चौकात चालू व्हतं आन् मारुतीच्या देवळापशी संपतं. मधल्या घरांनी काय ऐकायचं?”

मी म्हटलं, मुद्दा गंभीर आहे, एका वाक्यात मावत नाही.

“रिक्षा थांबत नाय ना पण. एका दाराला एकच वाक्य येतं. त्यात समदं पायजे. नायतर त्या दारातली बाई नुसतं ‘त्या अनुषंगानं’ ऐकती आन् भाकरी थापाया जाती.”

कार्यालयात सगळे हसले. मी घरी जाऊन तो कागद फाडला आणि पुन्हा लिहिला. दुसऱ्या दिवशी तू त्यातलीही निम्मी वाक्यं तोडलीस. तू पेन वापरायची नाहीस. मोठ्यानं म्हणायचीस, आणि जिथं दम संपेल तिथं नख लावायचीस. कागदावर नखाच्या चंद्रकोरी उमटायच्या. त्यांच्यावरून मी वाक्यं कापत गेले. आज मी जे लिहिते, जे वाचून लोक मला ‘थेट लिहितेस’ म्हणतात, ते तुझ्या नखानं कापलेलं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू मला ‘पत्रक’ म्हणायचीस. ए पत्रक, चहा पिती का. ए पत्रक, आज काय निषेध.

मला तुझ्या आवाजाचा हेवा नव्हता, असं मी बराच काळ स्वतःला सांगितलं. आवाज काय, कुणालाही असतो. मग एका दुपारी तू आमच्या गल्लीतून गेलीस. अण्णा टीव्ही बघत होते. भोंगा ऐकू आला तसा त्यांनी टीव्ही बंद केला, उठले, खिडकीशी गेले आणि रिक्षा वळेपर्यंत तिथं उभे राहिले. माझं लिखाण अण्णा चष्मा लावून, लाल पेन घेऊन वाचतात. लहानपणापासून ‘ठीक’ या शब्दाच्या पुढं ते गेलेले नाहीत.

“पोरगी काय बोलती,” ते म्हणाले.

“अण्णा, शब्द माझे आहेत.”

“असतील,” ते म्हणाले आणि टीव्ही लावला.

ते ‘असतील’ अजून माझ्या घशात आहे, कौसे.

मग पक्ष फुटला. मुंबईत सरकार बदललं, आपले आमदार दुसऱ्या गटाबरोबर गेले, आणि जाताना रहाटही घेऊन गेले, कारण चिन्ह त्या गटाला मिळालं. मागं राहिलेल्या आम्हांला शिडी मिळाली. सकाळी ज्या फलकाखाली आपण एकत्र उभ्या होतो, त्या फलकावर संध्याकाळी मी शाई फेकायला निघाले होते. तुला शोधत शहागंजात आले तर तू आणि रिक्षावाले रफिकभाई टपरीवर चहा पीत होतात.

मी आल्या आल्या म्हणाले, “तूही गद्दारांबरोबर गेलीस.”

“मी? मी कुठं गेले?” तू बशी खाली ठेवलीस. “चिन्ह तेच. आमदार तेच. रिक्षा तीच, रफिकभाई बी तेच. तुझं वाक्य बी तेच हाय. मी हाय तिथंच हाय, पत्रक. गेलीस तर तू.”

“पक्ष म्हणजे चित्र नसतं. पक्ष म्हणजे जाहीरनामा.”

“मंग मशीनवर जाहीरनाम्याचं बटण कुठंय, दाखव.”

रफिकभाई म्हणाले, “दीदी, चाय थंडी होरी. पार्टी बाद में तोडो.”

मला हसू आलं आणि त्याचा राग आला. मी विचारलं, आमदार खोटं बोलतात हे तुला दिसत नाही का. तू म्हणालीस, “दिसतं की. पर ते मला बोलू देत्यात. तुमच्यात समदे लिहिणारे. तुमच्यात माझ्या हातात माईक कोण देईल?”

मी चहा न पिताच निघाले. चिन्ह तेच, रिक्षा तीच या तुझ्या मुद्द्याला माझ्याकडे आता उत्तर आहे. मतदारांनी ज्याला एका बाजूनं निवडून दिलं तो दुसऱ्या बाजूला जाऊन बसला, तर चित्र तेच राहून काहीच तेच राहत नाही. रिक्षा तीच राहिली म्हणून रस्ता तोच राहत नाही. त्या संध्याकाळी हे सुचलं असतं तर तू वाद हरली असतीस, किंवा त्याला नख लावून म्हणाली असतीस, ‘लांब हाय.’

प्रचारात तू समोर होतीस. आमच्याकडे आवाज नव्हता. शेवटी दगडूकाकांना रिक्षात बसवलं. काका जुने कार्यकर्ते, साधे, निष्ठावान, आणि आयुष्यभर एकच चिन्ह पुकारलेले. आठवडी बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले होते. काका माझी वाक्यं म्हणत होते आणि मी डोळे मिटून ती ऐकत होते. लय बरोबर येते का, दम कुठं तुटतो, एवढंच. मेथीच्या जुड्यांपासून बैलांच्या बाजारापर्यंत आम्ही गेलो. लोक माना डोलवत होते. मला वाटलं, जमतंय.

वळणावर समोरून तुझी रिक्षा आली. गर्दीत दोन्ही रिक्षा अडकल्या. तुझ्या भोंग्यातून आवाज आला, “दगडूकाका, लई उपकार झाले तुमचे.” अख्खा बाजार हसला. का हसला ते मला कळेना. तू माईक बंद केलास, खाली उतरलीस, गर्दीतून आमच्या रिक्षापाशी आलीस, काकांना तुझी पाण्याची बाटली दिलीस आणि त्यांच्या कानाशी म्हणालीस, “काका, शिडी म्हणा. शिडी. सकाळपून रहाट रहाट करायलेत तुम्ही.”

काकांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगं, तोंडात बसलंय गं पोरी.”

“बसणारच की. म्या बसवलंय,” तू म्हणालीस, आणि माझ्याकडे बघून, “पत्रक, तू काय झोपली व्हतीस व्हय?”

मी झोपले नव्हते. मी माझ्या शब्दांत इतकी गुंग होते की आम्ही पूर्ण बाजारभर तुमच्यासाठी मतं मागत होतो हे मला ऐकूच आलं नाही. तू गप्प बसली असतीस तर आम्ही संध्याकाळपर्यंत तुमचाच प्रचार केला असता. तू येऊन सांगितलंस. त्या क्षणी तू आमची नुसती खिल्ली उडवून निघून गेली असतीस तर मला तुझा द्वेष करणं सोपं गेलं असतं. तुझा चांगुलपणा मला सहन झाला नाही. तो मला माझ्याकडे हवा होता. तत्त्वं माझ्याकडे होती ना.

तुम्ही जिंकलात. मी निकालानंतर पत्रक काढलं, ‘तुमचं मत कुठं गेलं?’ फुटून गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन लिहिलं. ते वाटून होतंय तोवर तू पेढे घेऊन आमच्या दारात उभी. मी तुला आत बोलावलं नाही. अण्णांनी बोलावलं. फुटलेल्या माणसाला आमच्या घरात पाणीही मिळत नाही, अण्णांनी सख्ख्या मावसभावाशी यावरून बोलणं सोडलेलं आहे. त्यांनी तुझ्या हातचा पेढा खाल्ला. मग म्हणाले, “कौसाबाई, हिचं पत्रक वाचून दाखव. माझा चष्मा सापडत नाही.”

चष्मा त्यांच्या खिशात होता. तुला दिसत होता, मलाही.

तू पत्रक हातात घेतलंस आणि वाचायला लागलीस. तुझ्याच बाजूच्या माणसांची नावं, तुझ्याच बाजूवरचे आरोप. कुठं आवाज खाली आणला नाहीस, कुठं घाई केली नाहीस. गल्लीतल्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला कळत होतं की हे चांगलं लिहिलंय, मी हे चांगलं लिहिलंय, आणि हे मला तुझ्या तोंडून कळतंय. वाचून झाल्यावर अण्णांनी पत्रक तुझ्या हातून घेतलं आणि नीट घडी घातली.

“जोरदार आहे,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. तुला म्हणाले.

तू पेढ्याचा खोका माझ्या हातात दिलास. “तिसऱ्या पॅऱ्यात दम संपतो. तोड तिथं,” म्हणालीस आणि चपला घालून गेलीस. मी तोडलं. दुसऱ्या छपाईत ते वाक्य तुटलेलं आहे.

तू आजारी पडून दवाखान्यात होतीस, तेव्हा मी एकदाच आले. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, मला वाटलं आता मीच बोलत राहीन. मी शहरातल्या राजकारणाचं काहीबाही सांगत बसले. तू मास्क बाजूला करून विचारलंस, “पत्रकात समद्यांची नावं टाकलीस. माझं का नाय टाकलं?”

“जागा नव्हती.”

“व्हय का,” तू म्हणालीस आणि मास्क लावलास. तू हसत होतीस की नाही ते मास्कमुळे कळलं नाही.

जागा होती, कौसे. तुझं नाव टाकलं असतं तर वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कानात तुझा आवाज सुरू झाला असता. माझं पत्रक तुझं झालं असतं. शिवाय, तुझ्याबद्दल ते शब्द लिहायला घेतले तेव्हा हात चालला नाही. यातलं कुठलं कारण खरं हे तू विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते, माहीत नाही. नर्सबाईंनी मला बाहेर काढलं, आणि मी परत आले नाही. उद्या येऊ, म्हणत राहिले.

आता महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुकांचं वारं आहे. तुझ्या मातीनंतर लगेच आमदारांची माणसं तुझ्या मायकडे जाऊन आली. त्यांच्याकडे तुझी ध्वनिमुद्रणं आहेत. ‘कौसाताईंची शेवटची हाक’ म्हणून ती रिक्षांवर लावायची आहेत. मी पेटले. मेलेल्या बाईला मतं मागायला लावतात, लाज नाही, असं बोलत मी आमच्या कार्यालयात शिरले, तर आमच्या अक्षयनं मोबाइल पुढं केला. अक्षय आमचं समाजमाध्यमांचं काम बघतो. हुशार आहे, आणि माझ्याइतकाच तत्त्वाचा आहे असं मी समजत होते.

“ताई, ते जुनं लावतील. आपण नवं करू. एआयवर तिचा आवाज तयार झालाय. तुम्ही लिहाल ते बोलेल. ऐका.”

आणि तू बोललीस. ‘शिडी’ म्हणालीस. जो शब्द तू फक्त एकदा, काकांच्या कानाशी, आमच्या भल्यासाठी म्हणाली होतीस.

मी लगेच नाही म्हटलं नाही. हे इथं लिहून ठेवते, कारण बाकी कुणी ते लिहिणार नाही. मी अक्षयला म्हटलं, पुन्हा लाव. तुझा आवाज आणि माझे शब्द, आणि मधे तू नाहीस. वाद घालायला नाहीस, पेढे घेऊन यायला नाहीस. मी जे लिहीन ते तू कायम बोलणार. अण्णा खिडकीशी जाणार. मला ते हवं होतं, कौसे. इतकं हवं होतं की मी पिशवीतून वही काढली.

मी त्याला माझं एक लांब वाक्य दिलं. ते तू कधीच पास केलं नसतंस. यंत्रानं ते सुरू केलं आणि संपवलं. मधे कुठंही श्वास घेतला नाही. अडखळलं नाही, नख लावलं नाही. वाक्य वाईट होतं आणि तुझा आवाज ते निमूट बोलला. मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. तू माझं काहीही निमूट बोलली नव्हतीस कधी.

दुसऱ्या दिवशी एसटीनं फर्दापूरला गेले. तुझी माय शेळ्यांना पाला टाकत होती.

“पांढऱ्या गाडीतले आले व्हते,” ती म्हणाली. “म्हणले, मावशी, तुमच्या लेकीला अमर करतो. मी म्हणलं, आधी जिती करा.”

मी तिला आमच्याही लोकांचं सांगितलं. मोबाइल, यंत्र, सगळं. तिनं पाला खाली ठेवला.

“म्हंजी तुमी बी.”

“आम्हीसुद्धा.”

“तू लिवायचीस ना तिचं बोलणं? मंग तूच सांग, बाय. द्यावं का नाय?”

मी म्हटलं, नाही. मेलेल्या माणसाला पक्ष बदलता येत नाही आणि नकारही देता येत नाही, म्हणून त्याच्या नावानं मत मागणं ही फसवणूक आहे. असं बरंच बोलले. ती ऐकत होती. मग मी थांबले आणि दुसरं कारणही सांगितलं. मावशी, मला तिचा हेवा वाटतो. ती गेल्यावरही लोक तिचंच ऐकणार, हे मला बघवणार नाही. यातलं कुठलं कारण मला ‘नाही’ म्हणायला लावतंय, ते मलाच कळत नाही.

तुझी माय माझ्याकडे बघत राहिली. “हेवा व्हता तर येत कशापायी व्हतीस तिच्याकडं?”

मी खाली ठेवलेला पाला उचलून शेळ्यांपुढं टाकला.

“कुठलं बी कारण असू दे,” ती म्हणाली. “नाय म्हण. पर मोठ्यानं म्हण. माझा आवाज तिथवर जात नाय.”

शोकसभा शहरात होती. सर्वपक्षीय. मंचावर आमदार, आमचे जिल्हाध्यक्ष, मधे तुझा हार घातलेला फोटो. आमदार म्हणाले, कौसाताईंचा आवाज आम्ही थांबू देणार नाही. आमच्या अध्यक्षांनी जवळजवळ तेच म्हटलं. मला सहकारी म्हणून दोन शब्द बोलायला उठवलं. मी मंचावर कधी बोलत नाही हे तुला माहीत आहे, माझा आवाज वर गेला की चिरकतो. हातात चार पानं होती. पहिलं वाक्य बघितलं. ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं असतं. मी पानं घडी करून ठेवली.

म्हटलं, “कौसाचा आवाज कुणालाच मिळणार नाही. तिची माय नाही म्हणते. यांनाही नाही, आम्हांलाही नाही. ज्याला मत मागायचंय त्यानं स्वतःच्या तोंडानं मागावं.”

चिरकला आवाज. मधेच फाटला. आमदार तुझ्या फोटोकडे बघायला लागले, अक्षय मोबाइलकडे. माझ्या पक्षात आता माझं काय होणार ते त्या चार वाक्यांत ठरून गेलं. मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या रफिकभाईंनी टाळी वाजवली. मग दगडूकाकांनी. मग दोन्हीकडच्या बाया उठल्या, आणि सभागृह वाजायला लागलं. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे तेव्हा कुणाच्या लक्षात नव्हतं.

त्या टाळ्या तुझ्या होत्या. मला कळत होतं. तरी मंचावरून उतरताना मी मुद्दाम सावकाश उतरले.